ठासणीपासून काडतुसापर्यंत

दिवाळी जवळ आली की सोनईच्या बाजारात फटाक्यांच्या दुकानांवर पत्र्याची पिस्तुले आणि टिकल्यांच्या लाल गुंडाळ्या दिसू लागतात. पोर चाप ओढते, घोडा टिकलीवर आपटतो आणि बार उडतो. ना वात, ना काडी. नुसत्या आघाताने दारू पेटते. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी याच तत्त्वावर १८०७ साली पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची छोटी टोपी निघाली. आपल्याकडे तिला 'केप' म्हणत. तोडा आणि चकमक मागे पडली, पण बंदूक भरायची रीत जुनीच राहिली. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी घालायची, गजाने ठासायची आणि मागे केप बसवायची. म्हणून ती ठासणीची बंदूक.

१८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण ते काडतूस म्हणजे दारू आणि गोळी असलेली कागदी पुडी. ती दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे. गोळी, दारू आणि केप ही तिन्ही धातूच्या एकाच टोपणात सामावणारे काडतूस सैन्यात रूढ झाले ते त्यानंतर. शब्द तोच राहिला, वस्तू मात्र बदलली.

या ठासणीच्या काळातली आपल्या भागातली लढाई भागोजी नाईक यांची. नगरच्या पोलीस दलात काम केलेल्या या भिल्ल नायकाने ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोटे येथे इंग्रजांशी सामना दिला. त्यात पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री ठार झाला. पुढची दोन वर्षे डोंगरांच्या आश्रयाने झुंज चालली. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नरजवळ मिठसागर येथे फ्रँक साउटरच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत भागोजी पडले. साधने तेव्हाही समान नव्हती. पण बार उडाल्यावर पुन्हा दारू ठासण्याचा वेळ दोन्ही बाजूंना लागत होता.

तो वेळच पुढच्या दहा वर्षांत नाहीसा झाला आणि तोही नवी बंदूक न घडवता. इंग्लंडकडे एनफील्ड रायफलींचा मोठा साठा होता. अमेरिकेच्या जेकब स्नायडरने सुचवलेल्या युक्तीप्रमाणे नळीचा मागचा सुमारे अडीच इंचांचा भाग कापून तिथे बिजागरीचे झाकण बसवण्यात आले. झाकण उघडा, काडतूस सरकवा, झाकण बंद करा. मिनिटाला तीन बार उडवणारी बंदूक दहा बार उडवू लागली. १८६६ मध्ये हा बदल इंग्रज सैन्याने स्वीकारला.

पिस्तुलांचेही तसेच झाले. १८५७ मध्ये कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला अ‍ॅडम्सचे पाचबारी रिव्हॉल्व्हर होते. त्याच्या फिरत्या चक्रीची पाचही घरे पुढून ठासावी लागत. १८६८ च्या सुमारास त्याच रिव्हॉल्व्हरांना आरपार भोकांची चक्री आणि मागून काडतूस भरायचे दार बसवून ती काडतुसी करण्यात आली. अमेरिकेत मात्र कोल्टसारख्या कारखान्यालाही थांबावे लागले. आरपार चक्रीचे पेटंट रोलिन व्हाइटच्या नावे होते आणि त्याचा हक्क स्मिथ अँड वेसनकडे. १८६९ मध्ये त्याची मुदत संपली, तेव्हा कोल्टने जुन्या पिस्तुलांचे सुटे भाग वापरून काडतुसी पिस्तुले बाजारात आणली.

मागची बाजू बदलायला कुशल कारागीर पुरतो. बदलू द्यायची की नाही, हे कागद ठरवतो. अमेरिकेत तो कागद पेटंटचा होता. आपल्याकडे अविश्वासाचा.

उठावानंतर हिंदी शिपायांसाठी १८५८ चा खास नमुना काढण्यात आला. तो दिसायला एनफील्ड, पण आतून नळी गुळगुळीत. नळीतल्या पिळामुळे गोळी फिरत जाते आणि दूरवर नेम साधते. तो पिळच काढून घेतला होता. गोऱ्या पलटणींना स्नायडर मिळाली तेव्हा हिंदी शिपाई ठासणीवर होता. त्याच्या हाती स्नायडर आली ती गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री गेल्यावर, आणि मार्टिनी आली ती त्यांच्याकडे ली-मेटफर्ड गेल्यावर. एक पायरी मागे, हा जणू नियमच होता. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, तरी या नियमात फरक पडला नाही.

सामान्य रयतेसाठी १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याविना हत्यार बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट होती. हा भेद टोचत होता. म्हणून १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला. अखेर हे अंतर चोरवाटेने तोडले गेले. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या खोट्या तळातून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंगच होते. एक बार उडाला की पुढचे काडतूस आपोआप चढवणारे. भागोजींच्या अखेरीला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

आता तीच जुनी पिस्तुले इटलीतील गार्दोने येथे हुबेहूब घडवली जातात. हौशी लोक त्यांच्यात काडतुसी चक्री बसवतात. मूळ घडण काळ्या दारूच्या बेताची, म्हणून काडतूसही कमी दाबाचे वापरावे लागते. जोरकस काडतूस घातले तर चक्री फुटून इजा होऊ शकते. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम सांगते की नकली शस्त्राचे खऱ्या शस्त्रात रूपांतर परवान्याविना करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका प्रकारच्या बंदुकीची दुसऱ्या प्रकारात केलेली अदलाबदलही त्यात आणली.

कागद आजही आहेच. पण १८७८ चा कागद माणसाचा वर्ण पाहून सूट देत होता. आजचा कायदा कडक असला तरी तो वर्ण विचारत नाही. भागोजींच्या मुलखातल्या माणसाला हा फरक लहान वाटू नये. एवढे कळले की पोराच्या हातातली टिकल्यांची बंदूक खुशाल वाजू द्यावी.