गुलाबी मनोऱ्यापासून मोहाच्या बियांपर्यंत

भामरागड तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही रानबियांचे नमुने गोळा करायला गेलो होतो. पाऊस आला म्हणून अंगणवाडीत थांबलो. खोलीत सातआठ मुले, कोपऱ्यात कुलूप लावलेली पत्र्याची पेटी, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. तक्त्यावर पहिलेच चित्र अननसाचे. अननस त्या मुलांपैकी कोणी पाहिला असेल असे वाटत नाही. मुलांचे मात्र तक्त्याकडे लक्षच नव्हते. ती जमिनीवर बांबूच्या काड्या मांडत बसली होती. काड्या मोजून दहा होत्या. सर्वांत आखूड काडी वीतभरही नव्हती आणि सर्वांत लांब काडी मुलांच्या छातीला लागेल एवढी होती.

बांबू बुंध्याकडे जाड आणि शेंड्याकडे निमुळता असतो, त्याची पेरेही सारख्या लांबीची नसतात, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. तरी या दहाही काड्या जवळजवळ एकाच जाडीच्या होत्या आणि पेरांच्या गाठी तासून सपाट केलेल्या होत्या. मी कारण विचारले. ताई म्हणाल्या, जाडबारीक असले की मुले लांबी बघत नाहीत, जाड तेवढी उचलतात. आणि गाठी ठेवल्या तर गाठी मोजत बसतात. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, हे आम्ही विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत शिकवत असतो. ताईंना ते चार वर्षांच्या मुलांनी शिकवले होते.

दहा काड्यांची ही कल्पना त्यांना एका प्रशिक्षणात मिळाली होती. ती तिथे कुठून आली असेल?

तिचे मूळ रोममध्ये सापडते. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरीणबाईंनी 'बालगृह' उघडले. त्याआधी त्या मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या आणि इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांची साधने त्यांनी बारकाईने अभ्यासली होती. मॉन्टेसरीबाईंची साधने म्हणजे खरे तर मोजमापाची उपकरणेच. गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात. त्यांची कड १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत वाढत जाते. म्हणजे मोठ्या घनाचे आकारमान लहान घनाच्या हजारपट! रंग एक, लाकूड एक, बदलतो तो फक्त आकार. लांबीच्या दांड्याही दहाच, १० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत, सगळ्या एकाच जाडीच्या. रचना चुकली तर ती मुलालाच दिसते, बाईंनी सांगावे लागत नाही. साधनाची खरी कसोटी हीच.

मात्र असे लाकूड अचूक कापून, रंगवून घ्यायचे तर पैसा लागतो. गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत काही वर्षांतच जगभर सुखवस्तू घरांतल्या मुलांची पद्धत होऊन बसली. १९३१ मध्ये गांधीजी लंडनमध्ये मॉन्टेसरीबाईंना भेटले, तेव्हा हे खेड्यातल्या गरीब मुलांपर्यंत कसे पोचणार, हीच चिंता त्यांनी बोलून दाखवली होती. पुढे १९४५ पासून सेवाग्रामला नयी तालीममध्ये पूर्व-बुनियादी वर्गाचा विचार आला. सेवाग्राम चंद्रपूरच्याच रेल्वेमार्गावर आहे, हे जाता जाता.

आपल्याकडे या कामाची सुरुवात भावनगरला झाली. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे आल्या. लग्नानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाईंना विदर्भ अनोळखी नव्हता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. या दोघांच्या कामातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बालमंदिराच्या जोडीला त्यांनी शिक्षक तयार करणारे अध्यापन मंदिर चालवले आणि शिक्षणपत्रिकाही काढली, पुढे तिची मराठी आवृत्तीही निघाली. दूर कुठेतरी एकट्याने बालवर्ग चालवणाऱ्या शिक्षकाला दर महिन्याला कोणाचे तरी पत्र यावे, तसा तो अंक येत असणार. मुलांच्या साधनांइतकीच शिक्षकांना सोबत लागते, हे या लोकांनी सुरुवातीलाच ओळखले होते.

१९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. पण खेड्याचा प्रश्न उरलाच होता. १९४५ च्या डिसेंबरात त्या बोर्डीला गेल्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये. ताराबाई ५३ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्याबरोबर आलेल्या अनुताई वाघ ३५ वर्षांच्या. पहिला धडा लवकरच मिळाला. वारली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची असे ठरले. 'अंगणवाडी' हा शब्द या चालण्यातून आला आहे. मुले गुरांमागे जातात असे दिसल्यावर पुढे कुरणशाळाही निघाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

साधनांचेही असेच झाले. शहरातून आणलेले लाकडी सामान अंगणात नेणे परवडणारे नव्हते आणि शोभणारेही नव्हते. शिंपले, खडे, बिया, पाने, मातीची भांडी यांतून साधने उभी राहिली. या बदलाकडे पुष्कळदा 'स्वस्त आवृत्ती' म्हणून पाहिले जाते. मला ते पटत नाही. तत्त्व तेच ठेवून पदार्थ बदलायचा, तर तत्त्व आधी नीट समजलेले असावे लागते. नुसत्या बियांचा ढीग मुलांपुढे ओतला की मॉन्टेसरी होत नाही.

बियांचा विषय निघाला म्हणून वनस्पतींत रमणारी व्यक्ती या नात्याने दोन शब्द. गुंजेचे लालकाळे दाणे मुलांना फार आवडतात, पण त्यांत ॲब्रिन हे अतिशय जहाल विष असते. दाणा अखंड असेतो टणक साल विष अडवते. चावला गेला किंवा माळेसाठी भोक पाडले, तर धोका उभा राहतो. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. आणि कोणतीही बारीक बी तीन वर्षांच्या मुलाच्या नाकात किंवा श्वासनळीत जाऊ शकते. चिंचोके, मोहाच्या बिया, हिरडे हे चांगले, तेही ताईंच्या नजरेसमोर.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द भारतभर गेला. याचा आनंदच आहे. पण शब्द गेला तेव्हा त्याच्यामागचे सगळे त्याच्याबरोबर गेले का? योजनेतल्या सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही एक. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पोषण-आरोग्य शिक्षण या बाकीच्या पाच. वजने, नोंदी, आहारवाटप यांतून उरेल तो वेळ शिकवण्याचा. २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर मोबाइलमधूनही नोंदी करायच्या असतात. वजन घेतले नाही तर ते आकड्यांत लगेच दिसते. गोष्ट सांगितली नाही तर कुठेच दिसत नाही. बोर्डीत ताराबाई आणि अनुताई स्वतः अंगणात बसत असत. भामरागडला पर्लकोटा नदी फुगली की पर्यवेक्षिकेची इच्छा असूनही तिला पलीकडे पोचता येत नाही.

याहून अवघड गोष्ट भाषेची आहे आणि तिच्याबद्दल कोसबाडचा अनुभव आपल्याला अर्धीच वाट दाखवतो. वारली बोली मराठीच्या जवळची आहे. मूल थोडे बावरते, पण शब्द ओळखीचे निघतात. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गोंडी, माडिया, कोलामी या भाषा द्राविडी कुळातल्या. गोंडीत एक, दोन, तीन, चार म्हणजे उंडी, रंड, मुंड, नालुंग. गावागणिक उच्चार थोडे बदलतात. तेलुगूतले रेंडु, मूडु, नालुगु शेजारी ठेवून पाहा, नाते लगेच दिसेल. मोहाला तेलुगूत इप्प आणि गोंडीत इरूप. सिरोंच्याच्या शिक्षकांना हे नाते कानानेच कळत असेल. मराठी मात्र या मुलाला अगदी परकी. 'तीन' हा आवाज आणि समोरच्या तीन बिया यांची सांगड त्याला नव्याने घालावी लागते. त्याला मोजता येत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला फक्त मराठी येत नसते.

१९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ मध्ये तिथे आश्रमशाळा निघाली, तेव्हा बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांना आधी माडिया शिकावी लागली. २०१९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. अंगणवाडीत ही अडचण खरे तर कमी असायला हवी, कारण सेविका बहुधा त्याच गावची असते. तिला भाषा येतेच. पण तिचे प्रशिक्षण, तिच्या हाती येणारी पुस्तिका, तिची नोंदवही, भिंतीवरचा तक्ता हे सगळे मराठीत. मग आपली भाषा वर्गात वापरली तर चालेल की नाही, असा संकोच तिच्या मनात राहतो.

त्या दिवशी मी हे डोळ्यांनी पाहिले. आम्ही आत गेलो तेव्हा ताई काड्या दाखवून मुलांकडून एक, दोन, तीन म्हणवून घेत होत्या. मुले म्हणत होती, पण बोट आणि शब्द यांचा मेळ नव्हता. थोड्या वेळाने पाऊस वाढला, आम्ही आपापल्या वह्या काढून बसलो आणि ताईंना आमचा विसर पडला. मग त्या माडियातून मोजू लागल्या. एका मुलीने चौथी काडी तिसरीच्या आधी ठेवली होती. मोजता मोजता ती मध्येच थांबली, पायऱ्यांकडे पाहिले, काडी उचलून जागेवर ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

निघताना ताईंनी विचारले, असे आमच्या भाषेत शिकवलेले चालते ना? मी हो म्हटले. हे त्यांना त्यांच्या प्रशिक्षणात कोणी सांगितले असते, तर त्यांना बिया वेचायला आलेल्या बाईला विचारावे लागले नसते.