मिरचीवरचा आळ

जळगावात कुणी पोटात आग पडते म्हणालं, की घरचे आधी शेवभाजीकडे बोट दाखवतात. मग भरिताकडे: कपाशीच्या काड्यांवर भाजलेली बामणोदची वांगी आणि त्यांत ठेचलेल्या मूठभर हिरव्या मिरच्या. धुळ्यातही तीच तऱ्हा. जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षं सूज असते आणि मिरचीला शिक्षा कधीच सुनावून झालेली असते.

पण तारखा जुळत नाहीत. मिरची मूळची अमेरिकेची; पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात इकडे आली. आयुर्वेदातल्या 'माधवनिदाना'त मात्र त्याच्या कित्येक शतकं आधीपासून अम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरण आहे: कडू-आंबट ढेकर, छातीत नि घशात जळजळ, मळमळ, अन्नावरची वासना उडणं. 'काश्यपसंहिता' तर हा रोग पाणथळ मुलखाचा मानते आणि औषध लागू पडलं नाही तर मुलूख बदला म्हणते. आता कोरड्या खानदेशातल्या माणसाने जायचं तरी कुठे?

विसाव्या शतकात आळ काळजीवर गेला आणि ॲसिडिटीची गुलाबी बाटली घरोघर आली. मग 1979 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला रॉबिन वॉरेन यांना सुजलेल्या अस्तराच्या तुकड्यात वाकडे जंतू दिसले. बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये ते प्रयोगशाळेत वाढवले. ईस्टरच्या सुट्टीत बशा जास्त दिवस राहिल्या, म्हणून ते वाढले. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल ते जंतू स्वतःच प्यायले. काही दिवसांत ओकाऱ्या सुरू झाल्या, पोटात दुर्बीण घालून पाहिलं तर सूज दिसली. दोघांना 2005 चं नोबेल मिळालं. हा जंतू, 'एच. पायलोरी', बहुधा लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून पोटात येतो. पुष्कळांना तो कधी जाणवतही नाही. काहींचं अस्तर मात्र झिजत जातं, क्वचित कर्करोगापर्यंत.

अमेरिकेत 1988 मध्ये निरोगी माणसांना तिखट जेवण देऊन दुर्बिणीतून त्यांची जठरं पाहिली. तिखटाने जखमा झाल्या नाहीत. साध्या जेवणाबरोबर दिलेल्या ॲस्पिरिनने जवळजवळ सगळ्यांना झाल्या. सुजलेल्या अस्तराला मिरची झोंबते, हे खरंच. पण केळीचे घड वाहून पाठ ठणकते म्हणून मेडिकलमधून सुटी आणलेली, उपाशीपोटी घेतलेली गोळी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. जंतू सापडला तर औषधं साधारण 14 दिवसांची असतात. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून ती सोडली, तर जंतू तिथेच राहतो, वर औषधाला सरावतो. आणि घरात पुन्हा मिरची बंद होते.