पोटात राहिलेला टॉवेल

१० जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलात चंद्रिकाबाई खोडवा बाळंत झाल्या. मुलगा झाला. १३ जुलैला तिथेच त्यांची नसबंदी झाली. ऑपरेशन तसं लहानसंच, पण चंद्रिकाबाईंना ताप भरला, पोटातली कळ थांबेना. १९ जुलैला दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडलं. आत टॉवेल निघाला आणि पू झालेला होता. २४ जुलैला त्या गेल्या. बाळ तेव्हा दोन आठवड्यांचं होतं.

टॉवेल आत राहतोच कसा? ऑपरेशनच्या वेळी रक्त टिपायला, आतडी बाजूला धरायला कापडाच्या घड्या वापरतात. त्यांना ‘मॉप’ म्हणतात. रक्तानं भिजलेली घडी आतल्या मांसातून वेगळी ओळखू येत नाही. म्हणून तिथे नजरेपेक्षा मोजणी महत्त्वाची: आत किती गेल्या, बाहेर किती आल्या. ही मोजणी चुकली की कापड आतच राहतं. ते शरीरात विरघळत नाही. कधी लगेच पू होतो, तर कधी माणूस वर्षानुवर्षं पोटदुखी घेऊन दवाखाने हिंडत राहतो.

चंद्रिकाबाईंचे पती अच्युतराव कोर्टात गेले. खालच्या कोर्टानं ३६,००० रुपये भरपाई देण्याचा हुकूम दिला. मुंबई उच्च न्यायालयानं तो फिरवला. प्रश्न दोन होते. टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला? आणि सरकारी नोकराच्या चुकीसाठी सरकारला जबाबदार धरता येतं का?

२० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली. पोटात टॉवेल सापडला, हाच निष्काळजीपणाचा पुरावा. चूक नेमकी कोणाची हे सांगता आलं नाही तरी ती हॉस्पिटलच्या माणसांकडून झाली, एवढं पुरेसं आहे. शिवाय हॉस्पिटल चालवणं हे काही राजसत्तेचं खास काम नाही. म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. तोपर्यंत जवळजवळ ३३ वर्षं लोटली होती.

तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्यासारख्या गावातून ऑपरेशनला निघालेल्या बाईला या निकालाची किंमत जास्त. शहरातल्या पैसेवाल्याला डॉक्टर निवडता येतो; तिच्यापुढे बहुतेक वेळा सरकारी दवाखाना हाच एक रस्ता असतो. तिथे कोण ऑपरेशन करणार, कोण मॉप मोजणार, हे तिला ठाऊकही नसतं. मग नेमका हात शोधून दाखवण्याचं ओझं तिच्या घरच्यांवर टाकायचं कसं?

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी काढली. पेशंटला ऑपरेशन थिएटरबाहेर नेण्याआधी अवजारं, मॉप आणि सुया मोजून झाल्याचं नर्सनं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, असं त्या यादीत आहे. या कामाला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. एक-दोन मिनिटं लागतात, आणि मोजणी जुळेपर्यंत थांबायची तयारी.