डिपस्टिक आणि तापमापक: मीरा-भाईंदरच्या मोटारसायकलींचे तेलमापन
दुचाकीच्या इंजिनातील तेल सळई बुडवून मोजण्याची सवय मुंबईच्या उत्तर सीमेवर तशी उशिराच रुजली. 1972 साली आलेल्या बजाज चेतकसारख्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळले जाई आणि त्याच्याबरोबर जळून जाई. त्यामुळे तेलाचे माप टाकी भरतानाच ठरे. गिअरपेटीचे तेल मात्र वेगळे असे व गाडी सरळ उभी करून, भरण्याच्या छिद्रातून ते बाहेर येऊ लागेपर्यंत ओतले की पातळी पुरी झाली, असे मानले जाई.

बुलेटची गोष्ट निराळी होती. 1955 पासून मद्रासेत जुळणी होऊ लागलेल्या या मोटारसायकलीत तेलाचा साठा क्रँककेसच्याच ओतकामातील स्वतंत्र कप्प्यात असे आणि तेथून पंप ते इंजिनात फिरवी. गाडी बरेच दिवस उभी राहिली की हे तेल पंपातून झिरपत दट्ट्याखालच्या पोकळीत उतरे, सळईवर पातळी कमी दिसे, आणि त्या दर्शनावर विसंबून वर तेल ओतले तर ते जादा होई. म्हणूनच इंजिन थोडा वेळ चालवून मगच सळई पाहण्याची शिस्त जाणते मेकॅनिक पाळत. सळईवरची खूण खरी ठरते ती ठरलेल्या रीतीने वाचली तरच, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

1985 हे वर्ष येथे दोन कारणांनी महत्त्वाचे आहे: त्या वर्षी मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, आणि त्याच वर्षी हिरो होंडा सीडी 100 बाजारात आली. मिठागरांच्या गावांचे उपनगर होत असताना फोर-स्ट्रोक मोटारसायकल नोकरदारांच्या हाती आली आणि तिच्याबरोबर आट्यांच्या झाकणाला जोडलेली छोटी डिपस्टिकही. ती पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. फिरवून बसवल्यास ती अधिक खोल जाते व तेल आहे त्याहून जास्त भासते.

हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनांना वारा लागतो तो गाडी चालू असताना. काशीमिरा नाक्यावर किंवा वर्सोवा पुलाकडे वाहने खोळंबली की तो थांबतो आणि तेल तापत जाते. नवा पूल 2023 मध्ये सुरू होण्यापूर्वी त्या वाटेवरील कोंडी नित्याची होती. मूळ झाकणाच्या जागी बसणाऱ्या, माथ्यावर तबकडी असलेल्या डिपस्टिकची उपयुक्तता अशाच रस्त्यांवर कळते. तिच्या दांड्यात दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या जोडून केलेली गुंडाळी असते. उष्णतेने दोन्ही सारख्या प्रसरण पावत नसल्याने ती पिळली जाते व काटा सरकतो, म्हणून तिला ना तार लागते ना बॅटरी.

निवड करताना तबकडीच्या देखणेपणापेक्षा दांड्याची लांबी अधिक मोलाची आहे. दांडा आखूड असेल तर तो तेलाऐवजी त्यावरील तप्त हवेचे तापमान दाखवतो. लांब असेल तर फिरत्या भागाला लागून इंजिनाचे मोठे नुकसान करू शकतो. आट्यांचा व्यास व अंतर आणि रबरी ओ-रिंग मूळ झाकणाशी जुळली पाहिजे. किमान-कमाल पातळीच्या खुणाही मूळ सळईशेजारी धरून पडताळाव्यात आणि त्या जुळत नसतील तर जुनी सळई जपून ठेवून पातळी तिनेच मोजावी. पल्सरसारख्या ज्या मोटारसायकलींत पातळी काचेच्या खिडकीतून दिसते, तेथे ही अडचण उरत नाही, पण झाकणापासून तेलापर्यंतचे अंतर तेथेही मोजावेच लागते.

साधारण 80 ते 120 अंश सेल्सिअस हे तेलाचे कामाचे तापमान मानता येते. भाईंदर स्थानकापर्यंतच्या रोजच्या छोट्या फेरीत काटा त्याच्या खालीच राहत असेल, तर तेलात साठणारी ओल पुरती उडून जात नाही आणि अशा गाडीचे तेल, किलोमीटर भरले नसले तरी, मुदतीत बदलणे इष्ट ठरते.