तेलाचा पहारेकरी

मोटारसायकलचा इतिहास बहुधा वेगाच्या अंगाने सांगितला जातो. कोणती शर्यत कोणी जिंकली, कोणत्या कारखान्याने किती अश्वशक्तीचे इंजिन काढले, ह्याची वर्णने पुष्कळ आढळतात. परंतु तेच इंजिन साठ-सत्तर वर्षांनी खोलून पुन्हा उभारावयास घेतले, म्हणजे कारागिराची खरी गाठ पडते ती बांगडीएवढ्या एका कड्याशी. ह्या कड्यास ऑइल सील म्हणतात. नवे सील थोडक्या पैशांत मिळते. ते ज्या घरात बसलेले असते ते ॲल्युमिनियमचे केसिंग मात्र कित्येकदा पुन्हा मिळतच नाही. कारण ते ओतणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला असतो. जागेवर घट्ट धरून बसलेले सील उपटताना पेचकस एकदा निसटला, की काही आण्यांच्या वस्तूपायी अमोल वस्तूस ओरखडा पडतो, आणि त्या ओरखड्यातून पुढे जन्मभर तेल पाझरते. हे कडे कसे जन्मास आले व काळाने त्यात काय फरक पडला, हे ज्यास ठाऊक आहे त्याचा हात अशा वेळी सहसा चुकत नाही.

प्रश्न मुळात जुना आहे. फिरणारा किंवा सरकणारा दांडा भिंतीतून बाहेर यावा, पण भिंतीआडचा द्रव त्याच्याबरोबर बाहेर येऊ नये, हे साधावे कसे? दांड्याभोवती फट ठेवली नाही तर दांडा अडकतो. फट ठेवली तर द्रव गळतो. वाफेच्या इंजिनांत चरबीत भिजविलेले तागाचे पेड दांड्याभोवती कोंबून वरून दाबपट्टी आवळीत असत. ते झिजले की पुन्हा आवळावयाचे, इतकाच उपाय होता. 1795 साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा ह्याने पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा हाच प्रश्न त्याच्यापुढे अधिक बिकट रूपाने उभा राहिला. त्याचा उलगडा त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ली ह्या तरुण कारागिराने केल्याचे मानले जाते. त्याने वाटीच्या आकाराचे चामड्याचे कडे बसविले. आतील पाण्याचा दाब वाढला की तोच दाब चामड्याचा काठ दांड्यावर घट्ट टेकवी. दाब उतरला की काठ सैल पडे व दांडा मोकळेपणाने सरके. ज्याला अडवावयाचे त्याच्याच जोराने त्याला अडवावयाचे, ही ती युक्ती होय. आजच्या ऑइल सीलच्या ओठात तिचाच अंश आहे.

मोटारसायकलने मात्र आरंभीची बरीच वर्षे ही युक्ती बाजूस ठेवली. बैलगाडीच्या आसाला दिलेले वंगण चाकाबाहेर ओघळते, त्याची खंत गाडीवान करीत नाही. संपले की पुन्हा देतो. पहिल्या मोटारसायकलींचा व्यवहार ह्याहून फारसा निराळा नव्हता. पहिल्या महायुद्धात इंग्रज सैन्याच्या निरोप्यांनी वापरलेली ट्रायम्फ कंपनीची 550 सीसीची ‘मॉडेल एच’ ही गाडी 1915 साली निघाली. अशा गाड्यांवर स्वार स्वतः हातपंपाने इंजिनास तेल पाजी. एकदा आत गेलेले तेल टाकीकडे परत येत नसे. काही जळून धुरावाटे जाई, काही रस्त्यावर ठिबके. दांडा बाहेर येई त्या ठिकाणी काशाचे लांब बुश असे. कित्येक इंजिनांत दांड्यावर मळसूत्रासारखी खाच कापलेली असे. दांडा फिरू लागला की ती खाच बाहेर येऊ पाहणारे तेल आत लोटी. दांडा थांबला की तिचे कामही थांबे. जुनी गाडी धावताना कोरडी असते आणि उभी केली की खाली थारोळे साचते, असा जो अनुभव सांगतात, त्याचे एक कारण हे आहे.

पुढे तेल पंपाने पुन्हा पुन्हा फिरविण्याची पद्धत रूढ झाली, साखळी तेलाच्या पेटीत बंदिस्त झाली, दांडे अधिक वेगाने फिरू लागले. ठिबकणारे तेल आता क्षम्य राहिले नाही. नमद्याच्या चकत्या वापरून पाहिल्या गेल्या. त्या धूळ अडवीत, परंतु तेल आपणच पिऊन बाहेर सोडीत. अशा वेळी उत्तर आले ते चामडे कमावणाऱ्यांकडून. जर्मनीतील वाइनहाइम येथे 1849 साली फ्रॉइडेनबर्ग घराण्याचा चामड्याचा कारखाना निघाला होता. 1929 च्या सुमारास जागतिक मंदीने चामड्याचा व्यापार खालावला, तेव्हा त्याने यंत्रांसाठी चामड्याची सील करण्यास आरंभ केला. लवकरच वाल्टर सिमर ह्या अभियंत्याच्या नावावरून ‘सिमरिंग’ म्हणून प्रसिद्धीस आलेले सील बाजारात आले. पोलादी पत्र्याचे कवच, त्यात चामड्याचा ओठ, आणि ओठास दांड्यावर हलकेच दाबून धरणारी वाटोळी बारीक स्प्रिंग, अशी त्याची घडण होती. अमेरिकेतही हेच घडले. शिकागो रॉहाइड ही 1878 साली चामड्याच्या पट्ट्यांसाठी स्थापन झालेली कंपनी पुढे ऑइल सीलसाठीच ओळखली जाऊ लागली.

चामड्याची एक मर्यादा होती. दांड्याचा वेग वाढला की त्याचा ओठ करपे. रबर घ्यावे, तर नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगून लिबलिबीत होते. गुडइयरने 1844 साली पेटंट घेतलेल्या गंधकाच्या संस्कारानेही हा दोष जात नाही. 1930 साली जर्मनीत एरिख कोनराड व एडुआर्ड चुंकूर ह्या रसायनशास्त्रज्ञांनी तेलास दाद न देणारे कृत्रिम रबर सिद्ध केले. ते आज नायट्राइल रबर म्हणून ओळखले जाते. चौथे दशक संपण्यापूर्वीच फ्रॉइडेनबर्गच्या सीलांत चामड्याच्या जागी कृत्रिम रबर येऊ लागले, आणि युद्धोत्तर काळात तोच सर्वत्र प्रघात झाला.

दोन-ठोकी इंजिनांत तर सील हा निव्वळ तेलाचा पहारेकरी राहिला नाही. तेथे क्रँककेस हीच पेट्रोल व हवेच्या मिश्रणाची हवाबंद कोठी असते. पिस्टन वर जाताना तीत मिश्रण ओढले जाते. खाली येताना ते दाबले जाऊन सिलिंडरमध्ये जाते. सीलची फट पडली की इंजिनाचा श्वासच मोडतो. 1939 साली जर्मनीत निघालेली डीकेडब्ल्यू कंपनीची ‘आरटी 125’ ही ह्या जातीची आदिमाता म्हणावी अशी गाडी होय. युद्धानंतर तिच्या आराखड्यावरून इंग्लंडात 1948 साली बीएसएची ‘बँटम’, त्याच सुमारास अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची 125 सीसीची गाडी आणि 1955 साली जपानात यामाहाची पहिली मोटारसायकल निघाली. भारतात विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात म्हैसूरला जावा आणि पुण्याजवळ आकुर्डीस व्हेस्पा तयार होऊ लागल्या, तेव्हा हे कडे मध्यमवर्गीय घरांच्याही परिचयाचे झाले. स्कूटर एकाएकी पांढऱ्या धुराचे लोट सोडू लागली, की क्लचच्या बाजूचे सील गेले असून इंजिन गिअरचे तेल ओढीत आहे, असे मिस्त्री सांगत असे. उलट चुंबकचक्राच्या बाजूचे सील गेले तर आत हवा शिरते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि कधी पिस्टन जागच्या जागी आवळतो.

असे सील पन्नास वर्षे एका जागी राहिले, की ते निघता निघत नाही. ह्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण जन्मजात असते. सीलचे कवच ज्या भोकात बसावयाचे त्याहून केसभर मोठे घडविलेले असते व ते दाबूनच बसवितात. म्हणजे घट्ट बसणे हा त्याचा धर्मच आहे. दुसरे कारण धातूंचे आहे. पोलाद व ॲल्युमिनियम एकमेकांस लागून असले आणि त्यांत ओल शिरली, की पोलाद गंजते व ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ही दोन्ही मूळ धातूहून अधिक जागा व्यापतात, त्यामुळे पाचर ठोकल्याप्रमाणे कवच आवळले जाते. तिसरे कारण रबराचे आहे. उष्णतेने व हवेने वर्षानुवर्षे त्याचा लवचिकपणा जातो, ते शिंगासारखे कठीण होते आणि त्यास मऊ ठेवणारी द्रव्ये झिरपून निघून जातात. ह्याखेरीज पूर्वीच्या एखाद्या मिस्त्रीने गळती थांबविण्यासाठी चहूकडून लावलेला चिकट लेप असतो, तो निराळाच.

म्हणून जाणता कारागीर प्रथम हत्यार उचलीत नाही, पाहतो. सील किती खोल बसले आहे, त्याचे तोंड कोणीकडे आहे, हे तो मोजून टिपून ठेवतो. कारण स्प्रिंगची बाजू सामान्यतः तेलाकडे असावी लागते. सीलपुढे सर्क्लिप किंवा दाबपट्टी आहे काय, केसिंगचा काठ कोठे ठोकून वळविला आहे काय, हे तो तपासतो. न दिसलेल्या सर्क्लिपवर जोर लावून कित्येकांनी केसिंगे फोडली आहेत. मग काठावरील गंज व माती साफ करून तो गंज सोडविणारे तेल घालतो आणि त्यास एक रात्र देतो.

दुसऱ्या दिवशीचा साथी म्हणजे उष्णता. ॲल्युमिनियम तापविल्यास पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. पन्नास मिलिमीटरचे भोक 20 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापविले, तर त्यातील पोलादी कवचाहून ते एका मिलिमीटरच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याने अधिक मोठे होते. हे माप डोळ्यास दिसत नाही, परंतु हातास कळते. न हलणारे सील हलू लागते. त्यासाठी भट्टी नको. उकळते पाणी, गरम हवेचा झोत किंवा साधे ओव्हन पुरते. उघडी ज्योत मात्र वर्ज्य होय. तीमुळे केसिंग एकाच जागी तापून वाकते. शिवाय 1957 नंतर प्रचारात आलेल्या फ्लोरिनयुक्त रबराची सील जळाली तर त्यांतून अत्यंत घातक वायू निघतो.

एवढ्याने न भागल्यास बळाचा उपयोग करावा लागतो. पण ते कोठे लावावे ह्यातच सारी कला आहे. दांडा काढलेला असेल आणि मागून वाट असेल, तर सीलच्याच मापाची नळी टेकवून सर्व बाजूंनी सारखे ठोकावे. वाट नसेल, तर आकड्याच्या आकाराचे हत्यार ओठाखाली घालून, केसिंगच्या काठावर लाकडाची चीप ठेवून, थोडे इकडून थोडे तिकडून उचलावे. तरीही सील हलले नाही, तर कवचाच्या दर्शनी पत्र्यावर समोरासमोर दोन लहान भोके पाडतात, त्यांत स्क्रू फिरवितात व पकडीने ते स्क्रू ओढतात. ड्रिलच्या टोकास ग्रीस फासलेले असते, म्हणजे धातूचा कीस त्यास चिकटतो, बेअरिंगमध्ये पडत नाही. आणि टोकास अटकाव लावलेला असतो, म्हणजे ते पत्र्यापलीकडे जाऊन बेअरिंगवर आदळत नाही. अगदी शेवटचा उपाय म्हणजे बारीक छिन्नीने कवचाचा काठ आतल्या बाजूस वाकविणे. कवच केसिंगपासून सुटून आत कोसळते आणि हाताने उचलता येते. ह्या सर्व उपायांतील सूत्र एकच आहे: जोर सीलवर पडावा, त्याच्या घरावर पडू नये. सील मोडले तर चालते. मोडण्यासाठीच ते आता उरलेले असते.

सील निघाल्यावर दांड्याची पाहणी होते. ज्या जागी ओठ टेकत होता तेथे पुष्कळदा खाच पडलेली दिसते. मऊ रबराने कठीण पोलाद झिजविले हे नवल वाटते, परंतु ते काम रबराचे एकट्याचे नसून ओठाखाली अडकलेल्या धुळीचे असते. नखास लागेल इतकी खाच असल्यास नवे सीलही गळणार. मग ते किंचित वर किंवा खाली बसवितात, अथवा दांड्यावर पातळ पोलादी नळी चढवितात. नव्या सीलचा ओठ तेलाने माखून, दांड्याच्या खाचांवर पातळ पट्टी गुंडाळून ते सरळ दाबले जाते. तिरपे बसलेले सील पहिल्या दिवसापासूनच गळू लागते.

जुन्या मोटारसायकली भंगारात जाण्यापासून वाचवाव्या ह्या हेतूने 1946 साली इंग्लंडात व्हिंटेज मोटरसायकल क्लब स्थापन झाला. 1930 अखेरपर्यंतच्या गाड्या हे त्याचे मूळ क्षेत्र होते. त्या काळी अशा गाड्यांस मोल नव्हते; आज त्यांच्या एकेका केसिंगचा शोध देशोदेशी चालतो. एखादी गाडी वाचते ती नुसत्या मोठ्या रकमेने नव्हे, तर अशा लहान कामांत दाखविलेल्या सबुरीनेही. म्हणून बाहेर काढलेले सील, वाकलेले व भोके पडलेले असले, तरी कारागीर ते लगेच फेकीत नाही. त्याचा आतील व्यास, बाहेरील व्यास व रुंदी तो मोजतो, पत्र्यावर ठसा असल्यास तो वाचतो. कारखाना बंद पडला, छापील याद्या हरवल्या, तरी ही तीन मापे कोठल्याही बाजारात नवे सील मिळवून देतात. ती वहीत उतरली म्हणजे जुन्या पहारेकऱ्याची चाकरी संपते.