मॉरिशसमधील हृदय निष्फलता

हृदय निष्फलता, अर्थात हार्ट फेल्युअर, ही शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास हृदय असमर्थ ठरल्याने उद्भवणारी अवस्था आहे. हृदयविकाराचा झटका आणि हृदय निष्फलता या भिन्न बाबी आहेत. झटक्यात हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अचानक खंडित होतो; निष्फलता मात्र बहुधा हळूहळू वाढते. हिंदी महासागरातील मॉरिशस या सुमारे साडेबारा लाख लोकवस्तीच्या द्वीपराष्ट्रात हृदयविकार व मधुमेह ही मृत्यूची प्रमुख कारणे आहेत.

कारणे

मॉरिशसमध्ये प्रौढांपैकी सुमारे एक पंचमांश लोकांना मधुमेह आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयाच्या रोहिणींचा विकार एकत्र आल्यास हृदयाचा स्नायू दुर्बल किंवा ताठर होतो. १९८७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मधुमेहाचे प्रमाण केवळ भारतीय वंशाच्या लोकांमध्येच नव्हे, तर क्रिओल व चिनी वंशाच्या लोकांमध्येही जास्त आढळले. त्यामुळे आनुवंशिकतेबरोबरच बदललेला आहार व कमी झालेले शारीरिक श्रम यांकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. पॅसिफिक महासागरातील फिजी, सामोआ यांसारख्या द्वीपराष्ट्रांत संधिवाताच्या तापाने झडपांना होणारी इजा हेही तरुण वयातील निष्फलतेचे महत्त्वाचे कारण आहे.

रुग्णालयातील निदान व उपचार

श्वास लागणे, पायांवर सूज, आडवे झाल्यावर गुदमरणे आणि थकवा ही प्रमुख लक्षणे होत. इकोकार्डिओग्राफीने डाव्या जवनिकेचा उत्क्षेपण अंश मोजतात. तो ४० टक्के किंवा त्याहून कमी असल्यास हृदयाचे आकुंचन क्षीण झाले आहे असे मानतात. अंश ५० टक्के वा अधिक असूनही निष्फलता असू शकते. मधुमेह, स्थूलता व उच्च रक्तदाब असलेल्या वृद्धांत हा प्रकार विशेष आढळतो.

मॉरिशसच्या शासकीय रुग्णालयांत उपचार विनामूल्य असतात. पोर्ट लुईस, पाँप्लेमूस, कांदोस, रोझ बेल व फ्लाक येथे प्रादेशिक रुग्णालये असून पाँप्लेमूस येथे हृदयरोग केंद्र आहे. मुख्य बेटापासून दूर असलेल्या रॉद्रिग्ज बेटावरील रुग्णास विशेष उपचारांसाठी समुद्र ओलांडून यावे लागते.

रुग्णालयातून परतल्यानंतर

सूज उतरली म्हणजे रोग बरा झाला, असा समज घातक ठरतो. औषधे मध्येच बंद केल्यास किंवा मीठ वाढल्यास शरीरात पुन्हा पाणी साठते व रुग्णास परत दाखल करावे लागते. खारवलेले मासे व लोणची यांमुळे स्थानिक आहारात मीठ सहज वाढते. म्हणून रोज सकाळी वजन करणे आणि ते दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढल्यास वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.

प्रतिबंध

१९८७ मध्ये शासनाने शिधावाटपाच्या तेलात मुख्यतः पाम तेलाऐवजी सोयाबीन तेल आणले. १९९२ च्या सर्वेक्षणात लोकसंख्येतील सरासरी कोलेस्टेरॉल प्रतिलिटर ५.५ वरून ४.७ मिलिमोलपर्यंत उतरल्याचे दिसले. धूम्रपानही घटले, मात्र स्थूलता वाढली. हा प्रयोग सार्वजनिक धोरणाचे उदाहरण म्हणून आजही अभ्यासला जातो.

हे सुद्धा पहा

मॉरिशस
मधुमेह
उच्च रक्तदाब