गरोदरपणातील ऑक्सिडीकारक ताण

शरीरात सतत तयार होणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे आणि त्यांना निष्प्रभ करणारी प्रतिऑक्सिडीकारक यंत्रणा यांच्यातील तोल पहिल्याकडे झुकला, की ऑक्सिडीकारक ताण निर्माण होतो. हेल्मुट सीस यांनी 1985 मध्ये ही संकल्पना मांडली. निरोगी गरोदरपणातही हा ताण वाढतो, कारण वारेच्या पेशींत तंतुकणिका भरपूर असतात आणि आईचा चयापचयही वेगावलेला असतो. तेवढ्यावरून त्याला आजार समजणे चूक आहे.

सर्वांत विलक्षण काळ पहिल्या तिमाहीचा. तेव्हा गर्भाशयातील सर्पिल धमन्यांची तोंडे वारेच्या पोषपेशींनी जवळजवळ बुजवलेली असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास वारेतील ऑक्सिजनचा दाब जेमतेम 20 मिमी (पारा) असतो. हे कमीपण गर्भाच्या हिताचेच असते. अवयव घडत असताना त्याच्याजवळ बचावाची एंझाइमे फार थोडी असतात. दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान धमन्या मोकळ्या होतात, आईचे रक्त वारेत वाहू लागते आणि हा दाब सुमारे तिपटीवर जातो. एरिक जोनियो व ग्रॅहम बर्टन यांच्या संशोधनाने हा बदल स्पष्ट केला. ताणाची लाट येते, पण तिच्यासोबत कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज यांसारखी एंझाइमेही वाढतात. वारेच्या कडेला रक्तप्रवाह आधी सुरू होतो. तेथील अंकुर या ताणाने झडतात आणि गुळगुळीत पडदा उरतो. म्हणजे वारेला आकार देण्यातही ताणाचा हात असतो.

आईच्या रक्तात इस्ट्रोजेनमुळे सेरुलोप्लाझ्मिन वाढते, मेदाबरोबर ई जीवनसत्त्वही चढते. सी जीवनसत्त्वाची पातळी मात्र उतरते. रक्तद्रव वाढल्याने ते विरळ होते, हे त्याचे एक कारण. त्यामुळे एखाद्याच तपासणीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

सर्पिल धमन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर ताण आवाक्याबाहेर जातो आणि प्री-एक्लॅम्पसिया या गरोदरपणातील उच्च रक्तदाबाच्या आजाराचा धोका वाढतो. त्यावर सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा उपयोगी पडतील, ही आशा खोटी ठरली. ब्रिटनमधील 2006 च्या मोठ्या चाचणीत आजार घटला नाही. उलट कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. या आजाराच्या प्रतिबंधासाठी अशा गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवळा, पेरू, शेंगदाणे, पालेभाज्या रोजच्या जेवणात जरूर असाव्यात. डॉक्टरांनी दिलेल्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू ठेवाव्यात. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नयेत.